वरच्या मजल्यावरचा खताचा डबा

दार उघडलं, तर समोर एक उंच मुलगा नाक दाबून उभा.

"तुमच्या बाल्कनीत... काही मेलंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खत होतंय! घरातला ओला कचरा मी गाडीत घालत नाही, घरीच जिरवते. पर्यावरणासाठी. कळलं?"

"पर्यावरणाचं ठीक आहे हो. पण खालच्या मजल्यावर मी राहतो... आणि माझी आई."

तोऱ्यात डबा उघडला, आणि मलाच नाक दाबावं लागलं. कुंडीला घालतात तसं मी त्यात रोज तांब्याभर पाणी घालत होते. सालींचा नुसता रबरबाट! तो लाकडी खेळणी बनवायचा. खाली गेला आणि ओल शोषून घ्यायला पिशवीभर भुसा घेऊन आला. आम्ही कोपरापर्यंत हात घालून सगळं कालवलं.

मग एक दिवसाआड बेल वाजायला लागली. "जरासा वास येतोय अजून..." म्हणत तो पिशवी पुढे करायचा. मग चहा, मग गप्पा, मग उगाचच दारात रेंगाळणं. खोटं कशाला बोलू – दुपारपासूनच माझे कान त्या बेलकडे लागलेले असायचे.

पण मन खायचं. माझ्या हौसेपायी त्याच्या आईने किती दिवस खिडक्या लावून बसायचं? डबा बंद करायलाच हवा होता. डबा नाही म्हणजे भुसा नाही, आणि भुसा नाही म्हणजे... तोही नाही. रडू येत होतं, तरी खाली गेले.

"काकू, माफ करा. डबा काढून टाकते. वासाचा फार त्रास झाला ना तुम्हाला?"

काकू मटार सोलत होत्या. "वास? तो तर पहिल्या आठवड्यातच गेला की गं!"

"आई...!" आतल्या दारात तो. कानापर्यंत लाल.

"मग तुम्हाला दर वेळी कसला वास यायचा हो?" मी त्याला विचारलं.

"नव्हता येत. नुसतंच वर यायला काहीतरी कारण हवं ना... तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. त्या वासासकट."

काकूंनी मटारच्या सालींची परात माझ्या हातात दिली. "घ्या, आणि वर जाऊन बोला. माझी मालिका लागलीय."

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं – तिथेच, काकूंसमोर.