दोन घास खाणारं गिऱ्हाईक

काय म्हणावं या पोरीला! रोज सकाळी साडेदहाला, दुकानाचं लोखंडी शटर धड वर गेलेलं नसताना, रबरी बूट फटफटवत यायचं, परक्या पाहुणीसारखं तीन नंबरच्या टेबलाशी बसायचं, चार पदार्थ मागवायचे, प्रत्येकातले मोजून दोन घास खायचे, मग भातुकली मांडल्यासारख्या बश्या डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं... आणि सगळं अन्न तसंच टाकून, बशीखाली नोट सारून चालू लागायचं! बरं, ही काय कुणी वाटेवरची होती? आखिमची पोटची पोर होती ही!

चाळीस वर्षं आखिम तैवानच्या तुंगकांग बंदरावर हे सहा टेबलांचं दुकान चालवत होती. भिंतीवर पदार्थांची यादी नाही, छापील कागद नाही. दारात बर्फावर त्या दिवशीची मासळी मांडलेली. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, आखिमनं सांगायचं, "हा वाफवून खा, तळलास तर याचं वाटोळं होईल," आणि गिऱ्हाइकानं निमूट मान हलवायची. तायपेहून आलेल्या मोटारवाल्यांनासुद्धा तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. बांबूच्या कोंबांचं सूप, खारवलेल्या अंड्यातलं कारलं, सोयासॉसमध्ये तासन्‌तास मुरलेलं डुकराचं मांस आणि त्याखाली वाफाळता भात... एवढ्यावर तिनं घर उभं केलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, दोन मुलं वाढवली. तिच्या हातचं अन्न आजवर कुणी टाकलं नव्हतं. आणि टाकावं कुणी, तर पेइचेननं!

"खायचं नसेल तर मागवतेस कशाला गं?" ती टेबलाशी जाऊन कडाडायची. "सासरी पोट भरत नाही म्हणून येतेस, की इथं मिजास दाखवायला?"

"पोट भरलं, आई."

"दोन घासांत? चिमणी आहेस का?"

"चिमणीच समज."

पेइचेन मान वर न करता उठायची. तिच्या अंगाला मासळीच्या गोळ्यांचा वास यायचा. नवऱ्याच्या कारखान्यात पहाटेपासून मासळी कुटून ती यायची. आखिम तिच्या पाठीकडे बघत राहायची, आणि तिच्या अंतःकरणात रागाच्या खाली काहीतरी खोल, खूप जुनं दुखायचं...

कारण चूक कुणाची होती, हे आखिमला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं!

बारा वर्षांची असल्यापासून पेइचेन त्या चुलीशी उभी होती. शाळा तिची सुटली ती चुलीसाठीच, आणि लग्न झालं तरी चूल सुटली नव्हती. हात असा, की डोळे मिटून आल्याचे काप केसासारखे पाडायची. पण नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, त्याच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला सगळे नातेवाईक जमले, आणि पूर्वजांपुढची उदबत्ती जशी मुलाच्या हातात जाते तशी चूलही मुलाच्याच हातात जाणार, हे आखिमनं चारचौघांत सांगून टाकलं. पेइचेननं एवढंच विचारलं, "मग मी कोण, आई?" सगळ्यांच्या देखत पोरीनं उलट विचारलेलं आखिमला सहन झालं नाही. तोंडातून गेलं, "तू दुसऱ्या घरची सून! आजपासून या चुलीला तुझा हात लागायचा नाही!"

पेइचेन रडली नाही. तिनं कमरेचा अ‍ॅप्रन सोडला, नीट घडी घातली, चुलीशेजारी ठेवला आणि पुढच्या दारानं निघून गेली. गेलेला शब्द परत घ्यायची आखिमला सवय नव्हती, आणि मागून घ्यायची लेकीला नव्हती. अभिमान दोघींचा एकाच मातीचा!

सूप, कारलं, मांस ही मोठी पातेली मात्र अजून आखिमच्याच ताब्यात होती. मुलगा कुओलिन कढईतलं परतायचा, मासळी साफ करायचा, आणि त्याहून जास्त गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा.

आणि आखिमच्या पोटात एक गोष्ट होती, जी तिनं देवाखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला जबर ताप आला. ताप उतरला, पण जिभेवरची चव घेऊन उतरला. सोयासॉस, आलं, साखर, मीठ... सगळं ओल्या कागदासारखं! ती मुलाला बोलली नाही, डॉक्टरला बोलली नाही. चाळीस वर्षांचा हात काय जिभेला विचारून चालतो? तळव्याच्या खळग्यात मीठ किती, तेल कसं बोलतं, मांसाला चकाकी कधी येते, हे सगळं हाताला, कानाला, डोळ्यांना ठाऊक होतं. आणि गिऱ्हाइकं ताट चाटूनपुसून उठत होती की! "आजी, चव अगदी तीच!" म्हणत होती. मग रोज अकराला मात्सू या समुद्रदेवीच्या देवळात उदबत्ती लावायला जाताना आखिम ताठ मानेनं चालायची. 'देवी, बघ! जीभ नेलीस, पण माझं नाव नाही नेता आलं तुला!'

चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्याचा सोळावा दिवस आला. त्या दिवशी दुकान बंद. मालकिणीनं भूमिदेवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग कामाच्या माणसांना मानानं जेवायला घालायचं, ही बंदरावरची जुनी रीत. त्या जेवणात अख्खी उकडलेली कोंबडी ठेवतात, आणि तिचं डोकं ज्याच्याकडे वळलेलं असेल त्याला नव्या वर्षात कामावर यायचं नसतं. मालकाला तोंडानं बोलावं लागत नाही. आखिमनं चाळीस वर्षांत कुणावरही ती वेळ आणली नव्हती. तिच्या कोंबडीचं डोकं दरवर्षी भिंतीकडेच असायचं.

साडेदहा वाजले, आणि आले रबरी बूट फटफटत.

"आज गिऱ्हाइकं नाहीत," आखिम दारातच आडवी झाली. "देवाचं आहे. त्याच्याआधी कुणी जेवणाची काडीसुद्धा बुडवायची नाही."

पेइचेनचा चेहरा पांढरा पडला. "आई... जरा आत येऊ? कुओलिनशी बोलायचंय."

"काय बोलायचंय? आज घरच्यांचं जेवण आहे."

शब्द गेला... आणि गेल्यावर आखिमला कळलं, काय गेलं ते. पेइचेन उंबऱ्यावरून मागे सरली. मग म्हणाली, "आई, मीठ जरा... बेतानं हं."

"तू शिकव मला आता!"

त्या दिवशी आखिम पातेल्यांपासून हललीच नाही. कुओलिन दोनदा चमचा घेऊन घुटमळला, दोन्ही वेळा तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "देवाच्या आधी जीभ सुटली का रे तुझी?" नैवेद्य झाला, उदबत्त्या जळून गेल्या, आणि मंडळी टेबलाशी बसली. कुओलिन, त्याची बायको, भांडी घासणारी आफुंग, आणि तीस वर्षं मासळी पुरवणारे खो काका.

खो काकांनी मांसाचा मोठा तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबले. डोळ्यांत पाणी आलं. चहाची वाटी एका दमात रिकामी केली, दुसरी भरली, तीही रिकामी केली.

"काय झालं हो?" आखिमनं विचारलं.

"काही नाही, वहिनी. फार... फार ताकदीचं झालंय!"

सून नुसता कोरडा भात खात होती. कुओलिन खाली मान घालून सूप पीत होता, औषध पितात तसं. आणि आफुंग, जिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं, तिनं कारल्याचा घास घेतला आणि ओरडली, "अगं बाई, समुद्र गिळल्यासारखं झालं! आज ताई चाखायला नव्हत्या आल्या का?"

आफुंगनं तोंडावर हात ठेवला, पण बोललेलं काही परत आत जात नव्हतं.

"चाखायला?" आखिमचा आवाज बारीक झाला. "कुओलिन. कोण चाखायला येतं?"

कुओलिननं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "ताई, आई. रोज. डावीकडे सरकवलेली बशी म्हणजे खारट, उजवीकडची म्हणजे अळणी. माझ्या जिभेला किती ते उमगत नाही, म्हणून मी आतून बघतो. तू देवळात जातेस तेवढ्या वेळात पातेलं सारखं करतो. दोन वर्षं झाली."

"म्हणजे माझ्या पाठीमागे माझी पातेली नासवत होतास!"

"आई, कधी तू मीठ घालायला विसरतेस, कधी दोनदा घालतेस... तुला कळत नाही. ताईला पहिल्याच दिवशी कळलं. त्या वर्षी नव्या सालाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात तशी आली होती ना? मांस खाल्लं, मागच्या अंगणात गेली आणि नळाशी उभी राहून रडली. मी म्हणालो, ताई, तूच ये आता चुलीशी. तर म्हणाली, 'आईनं मला चुलीला हात लावायला बंदी केलीय. खायला नाही केली.'" त्यानं पुढ्यातली वाटी दूर सारली. "म्हणाली, 'आईची मान बंदरावर खाली गेलेली मला बघवायची नाही. तिला कळता कामा नये. मला शिव्या देऊ दे काय द्यायच्या त्या.'"

आखिमनं तीन नंबरच्या टेबलाकडे बघितलं. चिमणी आहेस का... मिजास दाखवायला येतेस... घरच्यांचं जेवण आहे... आपण फेकलेला एकेक शब्द वेचून पोरीनं पदरात बांधला होता, आणि त्या बदल्यात रोज आईचं नाव राखून गेली होती! कोणत्या तोंडानं आपण देवीपुढे फुशारकी मारत होतो? नाव राखलं होतं ते या हातानं नव्हे. तीन नंबरच्या टेबलावर सरकलेल्या त्या बश्यांनी राखलं होतं! लाजेनं तिचं सर्वांग पेटलं... आणि त्या लाजेच्या पोटातून, तिचं तिलाच नवल वाटावं अशी, एक प्रचंड, उन्मत्त अशी अभिमानाची लाट उसळली. दोन घासांत सांगते! एका पातेल्यातलं एक चिमूट मीठ, दोन घासांत! अख्ख्या बंदरावर आहे का अशी जीभ दुसऱ्या कुणाला? कुणाची पोर आहे ती!

"बोलाव तिला," ती म्हणाली.

पेइचेन आली तेव्हा तिच्या हातांना अजून मासळीचा चिकटा होता. सगळ्यांची तोंडं बघितली आणि तिला समजलं. ती उंबऱ्याशीच थांबली.

"कुओलिन, सांगितलंस?"

"मी नाही! आफुंगमावशी!"

"माझी जीभच छाटा मेली," आफुंग रडकुंडीला येऊन म्हणाली.

आखिम उठली. तिनं दोन्ही हातांनी कोंबडीचं ताट धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. भिंतीकडचं डोकं निघालं. खो काकांवरून गेलं. सुनेवरून गेलं. आफुंगपाशी आलं तशी आफुंगनं डोळे घट्ट मिटले आणि देवीचं नाव घेतलं. पण ताट थांबलं नाही. कुओलिनवरून गेलं, तसा त्यानं श्वास सोडला. आणि आखिमच्या स्वतःच्या छातीसमोर येऊन ताट थांबलं.



"वहिनी, असं नका हो करू..." खो काका अर्धवट उठले.

"बसा, काका. दुकान माझं, कोंबडी माझी." तिनं पुढ्यातला मांसाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. ओला कागद. "मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली. ऐका सगळ्यांनी, मी पुन्हा सांगणार नाही."

"आई!" पेइचेन धावत आली आणि तिच्या पायाशी बसली. "आई, तुझा हात अजून सगळ्यांपेक्षा..."

"हात आहे. जीभ नाही. ती तुझ्याकडे आहे." आखिमनं मुलाकडे बघितलं. "तुला काही म्हणायचंय?"

कुओलिन डोळे पुसत हसला. "आई, मला नऊ वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं. मला बर्फावरची मासळी आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा पुरे. त्या चुलीनं माझ्या भुवया तीनदा जाळल्या आहेत."

आखिम आत गेली. मागच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे, नऊ वर्षं जपून ठेवलेली एक घडी होती. कापड पिवळं पडलं होतं, पण घडी पेइचेननं घातली होती तशीच होती. ती घेऊन आखिम बाहेर आली. सगळं बंदर ज्या डोळ्यांना भ्यायचं, त्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं, आणि ते पुसायची तसदी तिनं घेतली नाही. तिनं लेकीला दंडाला धरून उभं केलं, तो अ‍ॅप्रन तिच्या कमरेला स्वतः बांधला, गाठ करकचून मारली, आणि पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"पेइचेन, गिऱ्हाईक म्हणून तू एक नंबरची नालायक आहेस! दोन वर्षांत एकदा ताट संपवलं नाहीस. असलं गिऱ्हाईक माझ्या पुढच्या दारात पुन्हा दिसता कामा नये! उद्या सकाळी सहाला यायचं... मागच्या दारानं, चुलीच्या अंगानं. आणि साडेदहाला तीन नंबरच्या टेबलाशी मी बसेन. बघू, मला कोण अन्न टाकून उठू देतं ते!"