एक जास्तीचा 'स'

"आमारीयो!" मी ओरडले.

म्हणजे स्पॅनिशमध्ये पिवळं. खेळ साधा होता. मी रंगाचं नाव घ्यायचं, मुलांनी त्या रंगाची वस्तू पळत जाऊन पकडायची. भिलाईतल्या रिसालीच्या सामुदायिक भवनात पिवळा म्हणजे एक पडदा, बस. पण त्या दिवशी सगळी पोरं पडदा सोडून दाराकडे धावली. दारात पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण उभा होता. क्षणात तो जमिनीवर, आणि माझा अख्खा वर्ग त्याच्यावर!

"अरे, बचाओ मॅडम!" ढिगाखालून आवाज आला. "मैं तो टीना को लेने आया हूँ. मामा हूँ उसका!"

हेल्मेट सरळ करत तो उठला आणि हसला. मी रागवायचं ठरवलं होतं... जमलं नाही.

हा मामा, प्रफुल, स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होता, रेल्वेचे रूळ बनतात तिथे. जनरल शिफ्ट सुटली की थेट यायचा. आधी वेळेवर, मग वेळेच्या बराच आधी. मागे सतरंजीवर पोरांसारखी मांडी घालून बसायचा. माझी आकड्यांची गाणी मोबाइलवरची, परदेशी चालीची. पोरं लगेच जांभया द्यायची. एकदा त्याने कोपऱ्यातली बादली उपडी केली आणि ढोलकीचा ठेका धरला. "उनो, दोस, त्रेस... अब गाओ!" पोरं नाचायलाच लागली. मीही.

"मॅडम, आप अच्छा नाचती हैं."

"मैं पढ़ा रही थी."

"अच्छा? पैरों से?"

मग एका संध्याकाळी त्याला पायरीवर बसून फोनवर बोलताना ऐकलं. "हाव आई, येऊन राहिलो ना. सांभार मीच आणतो."

मी थबकले. कोथिंबिरीला 'सांभार' तर आमच्या घरीच म्हणतात! "तुम्ही... मराठी?"

"हाव! आन् तुमी?"

"मी पण! इतके दिवस सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारलंच नाही," तो डोळे मिचकावत म्हणाला. "आमाले वाटलं, मॅडम स्पेनच्याच हायेत."

त्यानंतर आमच्या गप्पा लांबत गेल्या. घरात, आईबाबांशीच बोलायची भाषा मी बाहेर कुणाशी तरी बोलत होते. बोलताना वाटायचं, चप्पल काढून आत आल्यासारखं... आणि तरी छातीत धडधड.

तेवढ्यात पुण्याची नोकरी आली. स्पॅनिश जाणणारी माणसं हवी होती तिथे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांनी अख्ख्या भिलाई-३ मध्ये पेढे वाटले. मी प्रफुलला सांगितलं.

"छान झालं," तो म्हणाला. बस, एवढंच. टीनाचं दप्तर उचललं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून टीनाला न्यायला तिची आई येऊ लागली. मला राग आला. इतका राग यावा असं तो माझा कोण होता? तरी मी टीनाला विचारलंच, "मामा कुठे आहे गं?"

"घरी. मोबाइल घेऊन बसते अन् काहीतरी रटते," ती म्हणाली. "मी गेली की चुप होते."

शेवटच्या वर्गाला पालकांना बोलावलं होतं. बाबाही आले होते. आणि प्रफुल! खरा ढोलक घेऊन. माझ्याकडे न बघता बसला.

खेळ होता चेंडूचा. ढोलक थांबेल तेव्हा चेंडू ज्याच्या हातात, त्याने आपली आवड सांगायची. 'मे गुस्ता' म्हणजे 'मले आवडते.' टीनाला आइस्क्रीम आवडलं. तिची आजी नलूबाई म्हणाली, "मे गुस्ता चाय!" सगळं भवन हसलं. मग टीनाने सरळ जाऊन चेंडू मामाच्या मांडीवर ठेवला. ढोलक थांबला.

"मे..." त्याने घसा खाकरला. "मे गुस्तास."

"गुस्ता," मी शिक्षिकेच्या सवयीने सुधारलं. "पुढे काय?"

"पुढे काही नाही." आता तो माझ्याकडेच बघत होता. "गुस्तास."

माझे कान तापले. तो 'स' चुकून लागला नव्हता. आंबा आवडतो, चहा आवडतो, तेव्हा 'गुस्ता'. 'स' लागतो तो फक्त समोरच्या माणसाला म्हणताना. तू आवडतेस. भरल्या भवनात हे कळलेली मी एकटीच होते.

लोक पांगल्यावर मी सतरंजीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं.

"बरोबर बोललो ना?" त्याने हळूच विचारलं.

"व्याकरण बरोबर आहे."

"आन् बाकी?"

"मी परवा पुण्याला चालली, प्रफुल!"

"जा ना. तुमाले थांबवाले नाही म्हटलं मी. पण न सांगता जाऊ दिलं असतं, तर... जिंदगीभर गप्पच बसलो असतो."

सतरंजीची घडी घालता घालता आमचे हात एकमेकांना लागले. मी हात मागे घेतला नाही.

"मलेही," मी म्हटलं. "अन् आता 'तुमी' म्हणणं बंद कर."

"बरं... तू." एवढंसं बोलून तो कानापर्यंत लाल झाला.

"कोन्या गावचे हो तुमी?" मागून बाबांचा आवाज.

"पवनीचे," प्रफुल ताडकन उभा राहिला.

"अरे! आमच्या या सुजाताचं आजोळ पवनीचं. चला घरी, चहा घेऊ."

मी स्कूटी काढली, बाबा मागे बसले. प्रफुल मोटारसायकलवर आमच्या मागोमाग निघाला. चौकात मी आरसा जरा वळवला.

"आरसा कावून फिरवला?" बाबांनी विचारलं.

"ऊन डोळ्यात येत होतं."

"अंधार पडला, पोरी," बाबा म्हणाले. "हळू चालव. मागे राहून जाईल तो."