दोन हाका

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारकी होती. चंद्रभानकाका आमच्याजवळ ओसरीवर बसले होते. आत काकूंना चहा सांगायचा, तर ते उठले, काठी टेकत दोन खोल्या ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि सांगून परत आले. काकूंना कमी ऐकू येतं का, असं भक्तीनं विचारलं. काका हसले.

"न्हाई माय. या घरात हाक मारत न्हाईत."

मला तेव्हाच उठून निघावंसं वाटलं. पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, त्यामुळे माझं दचकणं कुणी मनावर घेत नाही. मीसुद्धा घेत नाही.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. चारठाण्यातलं हे काळ्या दगडाचं घर राधाकिशनराव आणि धुरपताबाई या जोडप्यानं बांधलं. पुढं ते काकांच्या वडिलांनी घेतलं. एम.ए.च्या प्रकल्पासाठी भक्ती आणि मी त्याची मोजमापं घेत होतो. साडेसहाला बाहेर मिट्ट अंधार झाला आणि मागच्या खोलीतलं पेव तेवढं राहिलं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, वरून जेमतेम एक माणूस उतरेल एवढं तोंड. ते बुजवायचं म्हणून मजुरांनी आदल्या दिवशी तोंडावरची शिळा सरकवली होती. शिडी आतच होती.

काका कंदील आणायला गेले.

"पंके, टेपचं टोक धर. दोन मिनिटांत येते," म्हणत भक्ती मोबाईलचा उजेड पाडत उतरली.

माझ्या हातातली टेप ताठ होती. मग सैल पडली.

मी हाक मारली. ओ आली नाही. खाली उजेड दिसत होता, पण हलत नव्हता.

पुन्हा हाक मारली.

काका कसेबसे धावत आले आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"किती झाल्या?"

"काय किती?"

"हाका, माय. किती मारल्या?"

"दोन..."

काकांनी पेवात वाकून पाहिलं. मनगट मात्र सोडलं नाही. पेवात आधी कंदील सोडतात, म्हणाले. तो विझला तर माणूस उतरत नाही.

"मोबाईल विझत न्हाई. हवा खराब हाय का चांगली, त्याला काय कळतंय."

काकांच्या पाठोपाठ आलेल्या काकू अनवाणीच गल्लीत पळाल्या, दोर आणि माणसं आणायला. मी शिडीकडे झेपावले तर काकांनी मागं ओढलं. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथंच राहतो, म्हणाले.

मग कुजबुजत सांगू लागले. रझाकारांच्या धामधुमीत राधाकिशनरावांनी बायकोला याच पेवात लपवलं. मी आलो की तीन हाका मारीन, तिसरीला ओ दे, असं बजावलं. परक्याला ते कुठून माहीत असणार? बैलगाडी आणायला सेलूकडं गेले ते वाटेतच मारले गेले. चार दिवसांनी गावातली माणसं आली. वरून दोनदा हाक मारली. ओ आली नाही. नवरा-बायको दोघं निघून गेली असं समजून त्यांनी शिळा बसवली. मरताना राधाकिशनरावांनी सांगितलेला तीन हाकांचा निरोप महिन्यानं गावात पोचला...

"तवा शिळा काढायची छाती कुणाची झाली न्हाई. तिसरी हाक राहिली ती राहिलीच."

"पण काका, मी भक्तीला हाक मारतेय."

"ती नाव ऐकत न्हाई, माय. हाका मोजती."

खाली उजेड तसाच. माणसं येईनात. थोडीफार शुद्ध असेल तर आवाजाला धरून तरी भक्ती जागी राहील, एवढंच माझ्या डोक्यात. अजून किती मिनिटं... दोन? एक?

काका मान हलवत होते. नको. नको.

मी वाकले.

"भक्ती..."

काकांनी माझं मनगट सोडलं. डोळे मिटून घेतले.

काहीच नाही.

मग उजेड हलला. शिडीची खालची पायरी करकरली. वरची करकरली.

आवाज भक्तीचाच होता.

"आले... लय उशीर केलात, मालक."