मागच्या बाकावरचं मत

ओमुर्झाक वाचनालयाकडे निघाला तेव्हा दुपार कलली होती. बगलेत दोन गोवऱ्या होत्या. हिवाळ्यात कारा-साय गावच्या वाचनालयात बसायचं तर ज्याचं जळण त्यानं आणायचं, असा शिरस्ता होता. पुस्तक सरकारचं, ऊब आपली.

खिंडीवरचं आभाळ खाली उतरत होतं. वारा अजून सुटला नव्हता. कुत्री मात्र भिंतींना चिकटून बसली होती.

आज कादंबरीवर बोलायचं होतं. दर हिवाळ्यात एखादं पुस्तक गावात घरोघर फिरायचं, आणि सगळ्यांचं वाचून झालं की जमून आपापलं मत सांगायचं. एरवी ओमुर्झाक तिकडे फिरकत नसे. जन्मभर त्यानं मेंढ्या राखल्या. अक्षरं येत होती, पण गोष्टी वाचणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं तो म्हणे. हे पुस्तक मात्र त्यानं वाचलं. ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता.

कारण त्या पुस्तकात त्याचा मुलगा होता.

'खिंडीतले दोघे' हे पुस्तकाचं नाव. नारीन शहरातल्या एका लेखकानं लिहिलेलं. माणसांची नावं बदलली होती, पण गाव काही आंधळं नव्हतं. दोन मेंढपाळ कळप घेऊन खिंड चढतात, वादळ येतं, थोरला धाकट्याला बर्फात टाकून पळतो. धाकटा म्हणजे ओमुर्झाकचा तिलेक. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा तो सापडला, दगडाला टेकून बसलेला. थोरला म्हणजे एस्तेबेस. तो सापडलाच नाही.

गावात कुणी गेलं की प्रेत उचलण्याआधी ओमुर्झाक पुढे उभा राहायचा आणि लोकांना विचारायचा, "कसा माणूस होता हा?" सगळे एका तोंडानं म्हणायचे, "चांगला माणूस होता." मेलेला चोर असो की बायकोला बडवणारा असो, उत्तर हेच. त्या उत्तरावाचून मेलेल्याला वाट मिळत नाही. एस्तेबेसबद्दल हे कधी विचारलं गेलं नव्हतं. त्याची बायको आयमकान ओमुर्झाकच्या दारी येऊन येऊन थकली.

"प्रेत नसलं तर नसलं, आबा. लोकांना एकदा विचारा."

"प्रेत नाही, तर प्रश्न नाही," तो म्हणायचा, आणि दार लावून घ्यायचा.

वाचनालयात लोखंडी चूल तापली होती. आत चौघं होती. वाचनालय सांभाळणारी झीदेगुल चहा ओतत होती.

"ज्यानं वाचलं नाही त्याला चहा नाही," ती म्हणाली.

"मग मला अर्धा पेला दे," ट्रॅक्टरवाला बेकबोसुन म्हणाला. "अर्धंच झालंय."

"पुढे का नाही वाचलंस?"

"बायकोनं शेवट सांगून टाकला! भांडण झालं की ती पुस्तकाचा शेवट सांगते. पण माझं मत ऐका. या लेखकानं जन्मात मेंढी पाहिलेली नाही. म्हणे वादळात कळप वाऱ्याकडे तोंड करून चालला. अरे बाबा, मेंढी वाऱ्याला पाठ देते आणि चालत चालत कड्यावरून खाली जाते. ज्याला मेंढी कळत नाही त्याला मेंढपाळ काय कळणार?"

"तुला ट्रॅक्टर तरी कुठे कळतो?" झीदेगुल म्हणाली. सगळे हसले. ओमुर्झाक हसला नाही.

शाळेतल्या सोनुनबूबाई म्हणाल्या, "मला आवडलं. पहाटेचं वर्णन वाचताना मी रडले."

"बाई, तुम्ही पंचांग वाचतानाही रडाल," बेकबोसुन म्हणाला.

"गप रे. पण तो थोरला मला पटला नाही. माणूस पळतो, पटलं. पण पळताना त्याला काहीतरी वाटेल ना? याला काहीच वाटत नाही. नुसता दगड. असा माणूस नसतो."

"असतो," ओमुर्झाक म्हणाला. आल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

चूल तडतडली. दाराजवळ आयमकान बसली होती. पुस्तक तिनं रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं.

"माझंही मत घ्या," ती म्हणाली. "यातला माणूस माझा नवरा नाही. माझा नवरा घोरायचा. खोटं बोलताना कान खाजवायचा. आणि कुत्र्याला घातल्याशिवाय स्वतः जेवायचा नाही. यातलं एक तरी पुस्तकात आहे का? लेखकाला कोण सांगणार? तो गावात आला तेव्हा जेवला कुणाकडे?"

"माझ्याकडे," ओमुर्झाक म्हणाला. "मेंढी कापली होती. जे झालं ते सांगितलं."

"तुम्ही होतात तिथे?"

तेवढ्यात वारा सुटला. आधी खिंडीतून लांब हुंकार आला, मग छपरावर बर्फ आपटायला लागलं. दिवे गेले. खिडक्या करड्या झाल्या, मग काळ्या. झीदेगुलनं कंदील लावला. त्याचा उजेड चुलीपुरताच. मागचे बाक अंधारात बुडाले.

"आबांनी समारोप करावा आणि घरी जाऊ या," ती हलकेच म्हणाली.

ओमुर्झाक उठला. कमरेचा पट्टा आवळला. मयताच्या वेळी उभा राहायचा तसाच ताठ उभा राहिला.

"लोकहो, कसा माणूस होता हा?"

सोनुनबूबाईंचा चेहरा उतरला. "आबा, हे इथे विचारायचं नसतं."

"पुस्तकातल्या माणसाबद्दल विचारतोय. वाचलंत ना? मग मत सांगा."

बेकबोसुननं चहात पाहिलं. "पुस्तकातला म्हणाल तर... वाईट."

"पुस्तकातला वाईटच दाखवलाय," बाई म्हणाल्या.

"वाईट," झीदेगुल पुटपुटली.

"चांगला माणूस होता," आयमकान म्हणाली.

"बायकोचं मत धरत नाहीत," ओमुर्झाक म्हणाला.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. याच क्षणासाठी तो पुस्तक वाचायला बसला होता. पण ओझं उतरलं नाही. खोलीत वास सुटला. भिजलेल्या लोकरीचा. आणि त्याखाली दुसरा, थंड वास, खोल बर्फ फोडल्यावर येतो तसा.

मागच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला.

"चांगला माणूस होता."

दार उघडलं नव्हतं. दाराला टेकून आयमकान बसली होती. बेकबोसुनच्या हातातला पेला कलंडला आणि चहा त्याच्या गुडघ्यावर सांडला, तरी तो हलला नाही.

"कोण आहे?" ओमुर्झाकनं विचारलं. त्याला माहीत होतं. बोलण्याआधी असा घसा खाकरायची सवय एकाच पोराला होती.

"मी आहे, बाबा... धरा माझं मत. मी होतो तिथे."

कंदिलाची ज्योत सरळ होती. मागे श्वास चालू होता. चढ चढून आलेल्या माणसाचा, जड. पण बोलणाऱ्याचा श्वास नव्हता तो. त्याच्या शेजारच्याचा होता.

"तो बाजूलाच बसलाय," आवाज म्हणाला. "त्याला आत यायची लाज वाटत होती. मी हाताला धरून आणलं. फार चाललाय तो, बाबा... एकदा म्हणा. मग निजेल."

आयमकान उठली. सोनुनबूबाईंनी तिची कंबर धरली.

ओमुर्झाकला वाटलं, हा तिलेक नसेल. बर्फात मेलेलं माणूस दुसऱ्याचा आवाज उसना घेतं, असं जुने लोक सांगायचे. तो नीच माणूस माझ्या पोराच्या तोंडानं बोलत असेल. आणि तिलेकच असेल तर? तर मग मेंढी कापून लेखकाला जे सांगितलं ते काय होतं? ते आता छापलं गेलं होतं. नारीनमध्ये होतं, गावागावात होतं. त्याच्या तोंडून निघालेलं कधी मागे फिरलं नव्हतं. तीन शब्द होते. ते आजवर लोकांनी म्हटले होते. विचारणारा म्हणत नसतो.

"बाबा... थंडी आहे."

ओमुर्झाकनं टेबलाची कड धरली.

"वाईट माणूस होता," तो म्हणाला. "लिहिलेलं आहे."

मागचा बाक करकरला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

"बरं," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. "मग मी त्याच्याबरोबरच जातो. त्यानं मला एकट्याला सोडलं नाही... मी त्याला कसं सोडू?"

दार उघडलं नाही. लोकरीचा वास तेवढा विरत गेला, पाहुणे फाटकापर्यंत पोचून वळावेत तसा.

कुणीतरी कंदील उचलला. मागच्या बाकावर ओल होती. दोन माणसं बसावीत एवढ्या दोन जागा, शेजारी शेजारी, कडांना बर्फाचे कण. आयमकान एका ओलीपाशी बसली. तिनं त्यावर तळवा ठेवला.

"ही माझी," ती म्हणाली. "ती तुमची."

ओमुर्झाकनं हात लावला नाही. टोपी घातली आणि वादळात बाहेर पडला.

गुरुवार आला. त्या गावात गुरुवारी मेलेल्यांच्या नावानं कढईत तेल तापवून पिठाचे गोळे तळतात. वास वर जातो, त्या वासावर घरचे मेलेले येतात, तोच त्यांचा घास. तिलेक गेल्यापासून ओमुर्झाकच्या म्हातारीनं एकही गुरुवार चुकवला नव्हता. वाचनालयात घडलेलं तो तिच्याशी बोलला नव्हता.

तेलाचा धूर निघाला. गोळे फुगले, लाल झाले. म्हातारी कढईवर वाकली आणि तशीच राहिली.

"अहो, तेल कुठलं आणलंत?"

"नेहमीचं."

"मग वास का येत नाही?"

तो उठून जवळ आला. धुरानं डोळे चुरचुरले. त्यानं नाक कढईपर्यंत नेलं. काहीच नाही. तापलेलं पाणी हुंगावं तसं.

म्हातारीनं दुसरा घाणा टाकला. तिसरा टाकला. परात रिकामी झाली. घर धुरानं भरलं, पण वास आला नाही. शेवटी तिनं झारा खाली ठेवला आणि धूर जावा म्हणून दार उघडलं.

वारा खिंडीकडून येत होता. वर एकही घर नव्हतं, दिवा नव्हता, नुसतं बर्फ होतं. आणि त्या वाऱ्यावर तळणाचा वास येत होता. ताजा, दाट, तोंडाला पाणी सुटावं असा.

म्हातारी उंबऱ्यात उभी राहून हुंगत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तिकडे कुणाच्या नावानं तळतायत?"