लाल तळव्यांचा पाणीचोर

“मी सांगतो, हा चोर झोपतच नाही!” एलादियोने जाहीर करून टाकलं. “अख्खा गाव जेवून घोरत पडतो, तेव्हा हा पाणी पळवतो. म्हणजे एक तर तो भूत आहे, नाही तर त्याची बायको त्याच्यापेक्षा मोठ्याने घोरते!”

“गप रे!” मिनेर्वा उसळली. “तिकडे माझ्या आत्याचा वाटाणा वाळून चाललाय आणि तुला विनोद सुचतायत!”

ईस्टरच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. एलादियो, मिनेर्वा आणि हासिंता पाटाच्या दगडी कठड्यावर पाय सोडून बसली होती. डोंगरातून येणारं पाणी इथून लाकडी दारांमधून सांता उर्सुला गावाच्या शेतांत जायचं, ज्याची पाळी असेल त्याच्याकडे. पावसाला अजून दोन महिने अवकाश होता. आणि गेले कित्येक दिवस भर दुपारी पाटातलं पाणी एकदम अर्ध्यावर यायचं, तासाभराने पुन्हा होतं तसं!

पाटकरी फाउस्तिनोकाकांनी शोध घेण्याची तसदी घेतलीच नाही. पाटाला लागून शेत मिनेर्वाच्या ब्रिहिदाआत्याचं, तिच्या बांधापाशी थोडी ओल दिसली, म्हणजे चोर तीच! तिची पाळी पंधरा दिवस बंद.

“काका स्वतः दुपारी त्या खोपटात आडवे झालेले असतात,” मिनेर्वा म्हणाली. “ते काय चोर पकडणार!”

“आपण काल लपून बसलो होतो की,” एलादियो म्हणाला.

“हो ना! आणि तू शिंकलास!”

“शिंक आली तर काय गिळू?”

“मला एक सुचतंय,” हासिंता म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघतच राहिली. एके काळी प्रत्येक सुट्टीतला प्रत्येक उपद्व्याप हासिंताच्या डोक्यातून निघायचा. पण फेब्रुवारीत तिचे नाबोर आजोबा गेले, तेव्हापासून ती विचारलं तेवढंच बोलायची.

“अ‍ॅव्होकॅडोची कोय किसली की दुधासारखा रस निघतो,” ती म्हणाली. “थोड्या वेळाने तो लालभडक होतो. कपड्याला लागला तर डाग जन्मात जात नाही. हाताला लागला तर चार दिवस तरी राहतो. खालच्या बागांकडे जाणारी चार दारं आहेत ना, या आठवड्यात तिकडे कुणाचीच पाळी नाही, त्यांच्या मुठींना फासायचा. लाकूड जुनं, काळपट. कळणारसुद्धा नाही.”

“आणि मग?”

“मग उद्या सगळ्यांचे हात बघायचे.”

“वा!” एलादियोने कठड्यावरून उडीच मारली. “सगळ्यांना सांगायचं, हात वर करा, आम्ही पोलीस!”

“उद्या गुड फ्रायडे आहे, बावळटा. देवळाच्या अंगणात कापिरोतादा वाटतात. वाटी घ्यायला प्रत्येकजण हात पुढे करणारच.”

दुपारी मिनेर्वाच्या घरामागे बसून तिघांनी सात कोयी किसल्या, मुलींनी हातांना फडकी गुंडाळून, एलादियोने तशाच. रस पांढरा होता तो नारिंगी झाला, मग गंजासारखा तांबडा. फाउस्तिनोकाका खोपटात घोरत होते. त्यांच्या नाकासमोरून तिघं चोरपावलांनी गेली आणि चारही मुठी माखून आली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात कापिरोतादाचा, म्हणजे गुळाच्या पाकातल्या पावाचा, घमघमाट सुटला होता. “आम्ही वाढतो, तुम्ही बसा!” असं तिघांनी म्हटल्यावर बायकांना इतका आनंद झाला की एकीने एलादियोच्या कपाळाला हात लावून ताप आहे का तेही पाहिलं.

वाट्या निघाल्या. फाउस्तिनोकाकांचे हात स्वच्छ. “अरेरे!” एलादियो कुजबुजला. दुकानदारीणबाईंचे स्वच्छ. मास्तरांच्या बोटांवर निळी शाई. शंभराच्या वर वाट्या झाल्या आणि लाल हात एकाच माणसाचे सापडले, खुद्द एलादियोचे!

“मूर्खा, धुतले नाहीस?”

“चार वेळा धुतले! तुझा रस चांगलाच आहे, एवढं सिद्ध झालं!”

हासिंताला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू तोंडावर असतानाच तिचं लक्ष फाटकाकडे गेलं. तिथे, सगळ्यांपासून लांब, तिचे बाबा उभे होते. खिशात हात घालून.

तिचे बाबा, रोसेंदो, सहा वर्षं उत्तरेला होते, सरहद्दीपलीकडे, घरांची छपरं घालायच्या कामावर. जाताना त्यांचं आणि आजोबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. झाडांच्या मागे आयुष्य घालवायचं नाही, असं ते ओरडून म्हणाले होते. आजोबा गेल्यावर ते परतले, तेही त्यांना पुरल्यानंतर अकराव्या दिवशी. तेव्हापासून ते गावात असेच कडेकडेने वावरायचे. हासिंतालाही त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही.

ती वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली. “बाबा, घ्या.”

त्यांनी खिशातून हात काढले.

दोन्ही तळवे तांबडेलाल होते.

“काय झालं गं?” बाबांनी विचारलं. “अशी का बघतेस?”

“काही नाही.” वाटी त्यांच्या हातात देऊन ती वळली.

“कुणी सापडलं का?” मिनेर्वाने धावत येऊन विचारलं.

“नाही,” हासिंता म्हणाली. “कुणीच नाही.”

मिनेर्वाचा चेहरा पडला. “म्हणजे आता आत्याचं पीक गेलंच,” ती म्हणाली आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत असलेल्या ब्रिहिदाआत्याजवळ जाऊन बसली. हासिंताला तिथे उभं राहवेना.

जेवणानंतर सगळा गाव मिरवणुकीला गेला. हासिंता गेली नाही. ती खाली आजोबांच्या बागेत गेली. फेब्रुवारीपासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

बागेच्या मधोमध आजोबांचं झाड होतं. पातळ, काळ्या सालीच्या फळांचं. फळ सालीसकट खायचं, आणि पान चुरगळलं की बडीशेपेचा वास यायचा. गावात थंडी इतकी पडायची की जानेवारीत भांड्यातलं पाणी गोठायचं. बाहेरून आणलेली अ‍ॅव्होकॅडोची रोपं लोकांनी तीनदा लावली आणि तिन्ही वेळा ती एका रात्रीत काळी पडली. हे झाड मात्र चाळीस हिवाळे काढून उभं होतं. अशा थंडीतलं दुसरं झाड आसपासच्या कुठल्याच गावात नव्हतं.

आता त्याची पानं फिकट होऊन लोंबत होती. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. मालकामागे झाडही चाललं, असं बायका म्हणायच्या ते तिने ऐकलं होतं, पण इतकं वाटलं नव्हतं.

बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर होता. तिने त्यावर पाय ठेवला आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला.

ती गुडघ्यांवर बसली. पाचोळा बाजूला करून दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. वरवरची मुळं पांढरीशुभ्र असायला हवीत, आजोबांनी तिला शंभरदा दाखवली होती. हाताला लागली ती काळी होती. चिमटीत धरताच तुटत होती. कुबट वास येत होता.

“हासिंता?”

बाबा मागे उभे होते. त्यांच्या पायांशी वरच्या दारातून सोडलेलं पाणी वाहत येत होतं.

“तू इथे काय करतेयस?” ते गडबडून म्हणाले.

“पाणी तुम्ही चोरता,” ती म्हणाली. “रोज.”

बाबा चिखलातच बसले.

“आजोबांची पाळी त्यांच्याबरोबर संपली. माझ्या नावावर करायला गावाच्या बैठकीत उभं राहावं लागतं. मी कुठल्या तोंडाने उभा राहू? त्यांनी शेवटचा फोन केला तेव्हा मला एवढंच म्हणाले, झाडाकडे बघ. मला झाडातलं काय कळतं, हासिंता? पानं मलूल दिसली. म्हटलं, तहानलंय. पाणी तर घालता येतं ना मला! जितकं मलूल होत गेलं तितकं जास्त घातलं.”

ते इतके आशेने बोलत होते की हासिंताला वाटलं, सांगू नये. पण वरून पाणी येतच होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “ते तहानलेलं नव्हतं. ते बुडतंय.” तिने मूठ उघडून काळी मुळं दाखवली. “मुळं कुजली की त्याला पाणी पिताच येत नाही. म्हणून पानं मान टाकतात. थोडी कुजली असती तर आजोबांनी वाचवलं असतं. आता नाही वाचणार.”

“म्हणजे मी...” बाबा म्हणाले. त्यांनी तोंड लाल तळव्यांत लपवलं.

तिने बाबांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात हात टाकून तीही रडली, आजोबा गेल्यापासून रडली नव्हती तेवढी सगळी. मग ती उठली आणि धावत जाऊन वरचं दार बंद करून आली.

“आता ब्रिहिदाआत्यांकडे जायचं,” ती म्हणाली.

“हो,” बाबा म्हणाले. “चल.”

नुकत्याच मिरवणुकीहून परतलेल्या ब्रिहिदाआत्याने दारातच सगळं ऐकून घेतलं. मिनेर्वा आणि एलादियो तिच्या मागे उभे होते.

“रोसेंदो, माझा अर्धा वाटाणा वाळला,” आत्या म्हणाली. “आणि इतके दिवस मी चोर होते. बाजारात बायका माझ्याकडे बघून तोंड फिरवायच्या. तुझ्या माफीने यातलं काय परत येणार आहे?”

“काहीच नाही,” बाबा म्हणाले. “रविवारी सगळ्यांसमोर सांगतो.”

“सांग,” म्हणून आत्याने दार लावून घेतलं.

मिनेर्वा बाहेरच राहिली. “तुला दुपारीच कळलं होतं,” ती हासिंताला म्हणाली. “आणि तू मला खोटं सांगितलंस.”

“हो.”

“माझे बाबा असते तर मीही सांगितलं नसतं,” एलादियो हळूच म्हणाला. मिनेर्वा आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत हजर होती. “झाडाने माझं काही वाकडं केलेलं नाही,” एवढंच ती म्हणाली. “काय करायचं ते सांग.”

हासिंताच्या घरामागच्या उंच ओट्यावर डब्यांमध्ये आजोबांनी कोयींपासून वाढवलेली सव्वीस रोपं होती. त्यांना बागेची माती लागलेली नव्हती, पण कोयीचं रोप मूळ झाडासारखं निघतंच असं नाही, म्हणून त्यांच्यावर झाडाच्याच काड्यांचं कलम करायचं होतं. झाडाची मुळं मेली होती, पण उत्तरेकडच्या दोन फांद्यांच्या टोकांचे डोळे अजून टपोरे होते. बाबा झाडावर चढले. छपरांवर काम केलेला माणूस तो! पेन्सिलीएवढ्या जाड काड्या त्यांनी कापल्या, मिनेर्वाने ओल्या फडक्यात गुंडाळल्या, एलादियोने त्यांची पानं खुडली.

“देठ ठेव!” हासिंता ओरडली. “पान काढायचं, देठाचा तुकडा राहू द्यायचा!”

“हिला आजोबा चावलेत,” एलादियो पुटपुटला.

तिने सुरी दारूने पुसली. रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, चिरेत बसवली, सालीला साल जुळवली, वरून पट्टी घट्ट आवळली. बाबा तिच्या हातांकडे बघत होते.

“मला जमेल?” त्यांनी विचारलं.

“सुरी ओढायची, दाबायची नाही. एका कापात. हं, पुन्हा.”

त्यांची पहिली पाचर वाकडी झाली. दुसरीही. पाचवी तिने ठेवून घेतली.

“आजोबा मला शिकवायचे तेव्हा मी पळून जायचो,” बाबा म्हणाले. हासिंताने पुढची काडी त्यांच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत सव्वीस कलमं बांधून झाली.

रविवारी प्रार्थनेनंतर बाबा गावासमोर उभे राहिले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. फाउस्तिनोकाकांनी टोपी काढून ब्रिहिदाआत्याची माफी मागितली. “मी खोपटात झोपलो,” ते म्हणाले, “आणि न बघता बोट दाखवलं. जे पाटकऱ्याचं काम होतं ते या तीन पोरांनी सात कोयींत केलं! आणि त्यातल्या एकीने ते आपल्या बापाविरुद्ध केलं. एवढी हिंमत माझ्यात नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एलादियोने वाकून नमस्कार केला. हासिंताला मात्र कधी एकदा घरी जाते असं झालं होतं.

तीन आठवड्यांनी तिघं आणि बाबा ओट्यापाशी जमले. बोट लावल्यावर देठ अलगद गळून पडला तर कलम जगलं. सुकून चिकटून राहिला तर गेलं.

पहिला चिकटलेला. दुसरा, तिसरा, चौथा... अकरावा चिकटलेला. एलादियोचे विनोद केव्हाच थांबले होते. बाराव्याला हासिंताचं बोट लागलं आणि देठ टपकन खाली पडला.

“पडला!” मिनेर्वा किंचाळली.

सव्वीसपैकी चार जगली. त्यांतलं एकही बाबांच्या हातचं नव्हतं.

जूनच्या पहिल्या पावसाआधी बाबांनी आजोबांचं झाड तोडलं. तोवर त्यावर एकही पान उरलं नव्हतं. ओंडके रचून झाल्यावर ते हासिंताला म्हणाले, “चारांतलं एक इथेच लावू या ना? त्याच्याच जागी.”

“नाही, बाबा. ही माती आता आजारी आहे. इथे लावलं तर तेही मरेल. इथे पुन्हा कधीच नाही.”

“मग कुठे?”

“माझ्या वरच्या उतारावर,” मागून आवाज आला. ब्रिहिदाआत्या बांधावर उभी होती. “तिथे पाणी साचत नाही. पोरीसाठी देतेय, रोसेंदो. तुझ्यासाठी नाही.” आणि ती चालू लागली.

बाबा रिकाम्या जागेकडे बघत राहिले. “इथे काय लावायचं मग?”

हासिंताने विचार केला. “मका,” ती म्हणाली. “मक्याला काही होत नाही.”

बाबांनी कुदळ घेतली. ती त्यांच्या मागून चालत, एकेका खड्ड्यात तीन-तीन दाणे टाकत गेली.