बंद मंगळवारची धूळ

जगातलं प्रत्येक मोठं प्रेम एका नजरेपासून सुरू झालं आहे. रश्मी नगराळेची नजरही त्या दिवशी अशीच एका जागी खिळली होती. ती जागा म्हणजे संगणकावरच्या तक्त्यातला सकाळी अकराचा रकाना. त्यात आकडा होता एकशे ब्याऐंशी, आणि तो धुळीचा होता.

रश्मी चंद्रपूरला हवा मोजणाऱ्या कचेरीत कामाला. राष्ट्रीय उद्यानाच्या आत, चिमूरकडच्या अंगाला, वनरक्षकांच्या एका चौकीच्या गच्चीवर कचेरीचं मोजणी केंद्र होतं : एक यंत्र, आणि ते सांभाळायला तिथंच राहणारा एक केंद्रचालक. यंत्र नळीतून हवा ओढायचं, तिच्यातली धूळ मोजायचं आणि दर तासाला एक आकडा चंद्रपूरला पाठवायचं. त्या आकड्यासमोर रश्मीनं लिहायचं : ग्राह्य, किंवा अग्राह्य. माणसाच्या हातून उडालेली धूळ अग्राह्य. जंगलाची स्वतःची धूळ ग्राह्य.

जानेवारीतला मंगळवार होता. मंगळवारी उद्यान बंद असतं. पर्यटकांच्या जिप्सी फिरत नाहीत. मग एकशे ब्याऐंशी धूळ उडवली कुणी, वाघानं? रश्मीनं केंद्राचा नंबर लावला.

"हॅलो, कोण?"

"अश्वजित रामटेके. यंत्रापाशी."

आपला पत्ता इतक्या थोडक्यात सांगणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"तिथं काही जाळलं का आज?"

"नाई मॅडम."

"कुठली गाडी आली होती?"

"आज जंगलाले सुट्टी आहे मॅडम."

"मग धूळ कुठून आली?"

पलीकडे, मागं कुठंतरी हळद्या पक्षी शीळ घालत होता — लांब, ओली, मधासारखी.

"मी... गच्ची झाडून राह्यलो होतो."

"यंत्राच्या नळीजवळ झाडू मारत नाहीत, रामटेके."

"बरं मॅडम. आता नाई मारत."

त्यानं शब्द पाळला. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता एकशे शहात्तर आले, पण झाडू नव्हता, रिकामं पोतं झटकलं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी घोंगडी. चौथ्या मंगळवारी चौकीतली सतरंजी. आणि ती सतरंजी कोणत्या शतकातली असावी यावर दोघं सात मिनिटं बोलले.

आता नियम असा, की कारण कळलं तर तास अग्राह्य करायचा आणि मोकळं व्हायचं. कारण कळलं नाही तर 'चौकशीत' असं लिहायचं, आणि चौकशीतल्या तासासाठी केंद्रावर फोन करणं बंधनकारक. रश्मी नियमांच्या प्रशिक्षणात पहिली आली होती. तिनं चारही तासांपुढे 'चौकशीत' लिहिलं.

फोन मंगळवारचा असला तरी बोलणं काही मंगळवारच्या धुळीपुरतं राहिलं नाही. पहाटे पाचचा आकडा बहुतेक अकरा यायचा. चंद्रपूरचा त्याच वेळी दीडशेच्या घरात. रश्मी सकाळी डोळे चोळत मोबाइलवर आधी ते अकरा बघायची आणि मगच खिडकी उघडायची — का कोण जाणे, श्वास जरा खोल जायचा.

"अकरा म्हणजे कसं दिसतं हो तिथं?" तिनं एकदा विचारलं.

"अकरा..." तो थांबला. "तळ्यावर धुकं राह्यते ना, ते हळूहळू वर जाते. खाली पानी एकदम गप. एक चितळ येते, पानी पेते, अन् वर पायते, का कोनी आपल्याले पाहून तर नाई राह्यलं. तवा अकरा असते."

"आणि बारा?"

"चितळ दोन असले का बारा."

ती हसली. मग त्या दिवशीच्या बाराव्या तासाकडे, सहाव्याकडे, चौथ्याकडे उगाच बघत बसली. आकड्यांच्या ओळी तिच्या डोळ्यांसमोर झाडांसारख्या उभ्या राहायच्या आणि त्यांच्यामधून एक न पाहिलेला माणूस चालत यायचा. त्याचा चेहरा तिला दिसत नसे. हातातली सतरंजी मात्र स्पष्ट दिसायची.

मार्चच्या शेवटाला साहेबांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, तिला बोलावलं. गुणवंतराव सभ्य गृहस्थ. वाईट बातमी देताना चष्मा पुसत.

"नगराळे, जंगलातल्या केंद्राचं कठीण दिसून राह्यलं. तिमाहीत सोळाशे वीस तास ग्राह्य पायजेत. फेब्रुवारीत बॅटरी बसली तवा आपले बरेच तास गेले. आता कसेबसे सोळाशे सत्तावीस होतात."

"म्हणजे झालेच की, सर."

"हो. पण त्यात तुमचे ते बारा मंगळवार धरले आहेत. चौकशीतले. ते अग्राह्य निघाले तर पाच तास कमी. मग यंत्र अन् त्याचा चालक दोन्ही उचलून गडचांदूरला. तिकडचे लोक सिमेंटच्या धुळीपायी कवापासून मागून राह्यले." त्यांनी चष्मा घातला. "काय धूळ आहे ते जाऊन पाहा अन् आज-उद्या लिहून टाका. तुमी लिहाल ते मी मानतो."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट होतं. बारा रकान्यांत एकच शब्द भरायचा होता. 'ग्राह्य' लिहिलं तर यंत्र राहणार, जंगलातला माणूस राहणार, पहाटेचे अकरा राहणार. कुणी विचारणारही नव्हतं. फक्त तो शब्द खोटा असणार होता, आणि त्याच्याखाली सही तिची.

एकतीस मार्च. मंगळवार. कचेरीची जीप चौकीजवळ थांबली तेव्हा पावणेअकरा होऊन गेले होते. मोहाचा वास सगळीकडे असा भरून होता की हवेला वजन आल्यासारखं वाटत होतं. झाडाखाली बायनाबाई मोहफुलं वेचत होती. चौकीतला स्वयंपाक तिच्याकडे असायचा.

"कोन पायजे बाई?"

"रामटेके आहेत का?"

"वर आहे. आंघोळ करून, नवं शर्ट घालून. दर मंगळवारी घालते. आमाले वाटे, कोनी मंत्री येऊन राह्यला." बायनाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टोपली कमरेवर घेतली. "तूच काय वो ते फोनवाली?"

रश्मी मागं सरकून वर बघू लागली.

गच्चीवर एक उंच, सावळा तरुण. केस ओले, नीट भांग पाडलेले. मोबाइल कठड्यावर, अगदी हाताशी. तो यंत्राच्या नळीजवळ उभा राहून एक गोणपाट झटकत होता. रागानं नाही, मनापासून, एखाद्यानं वाद्य वाजवावं तसा. मधे थांबून घड्याळ बघत होता. उन्हात ती धूळ सोन्यासारखी वर जात होती आणि नळी ती गुमान पीत होती.

रश्मीनं फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला.

"हॅलो मॅडम. आज काय झालं मॅडम?"

"अजून काही झालं नाही. अकरा वाजायला चार मिनिटं आहेत."

गोणपाट थांबलं. त्यानं आधी फोनकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि मग — फार हळू — खाली. नजरानजर झाली. तीन महिने जे दोघं आवाज होते, त्यांना एकदम चेहरे फुटले. आणि दोघांनाही फोन ठेवायचं सुचेना.

"मंगळवारीच काऊन?" तिनं खालून, पण फोनमधेच विचारलं. तिच्या बोलण्यातली कचेरी कधी गळून पडली तिलाच कळलं नाही.

"बाकी दिवशी जिप्स्या फिरते. तुमाले वाटते धूळ गाडीची आहे. तुमी फोन नाई करत." तो थांबला. "मी दोनदा शनिवारी झटकून पायलं. नाई आला फोन."

या कबुलीपुढे चांगल्या चांगल्यांचं काही चाललं नसतं. रश्मी जिना चढून वर गेली आणि कठड्यावर लॅपटॉप उघडून बसली. सोळाशे वीसचा हिशोब तिनं त्याला समजावला. बारा ओळी. पाच तास. गडचांदूर.

तो ऐकत राहिला. मग तळ्याकडे पाहत म्हणाला, "म्हंजे जंगलाचे आकडे माह्यापायी जातीन."

"फक्त तुमच्यापायी नाही. मला पहिल्याच दिवशी कारण कळलं होतं. मी 'चौकशीत' लिहीत राहिले."

"काऊन?"

"फोन करता येतो म्हणून."

हळद्या पुन्हा बोलला. दोघंही त्याच्याकडे बघायचं निमित्त करून एकमेकांकडे बघत होते.

"एक शब्द लिहिला की यंत्र इथंच राहील," रश्मी म्हणाली. "तुम्ही पण."

"खरं काय आहे तेच लिहा," अश्वजित म्हणाला. "या जंगलाची हवा अकरा आहे. मी तिले एकशे ब्याऐंशी केलं, तुमच्यासाठी. त्याले ग्राह्य म्हटलं त मंग पहाटचं अकराबी कोन खरं मानीन?"

तिनं बारा वेळा 'अग्राह्य' लिहिलं. कारणाच्या रकान्यात पहिल्या सहा ओळींत 'केंद्रचालकाची चूक' आणि पुढच्या सहांत 'तपासणाऱ्याची चूक' असं लिहिलं. गुणवंतरावांना ही वाटणी कितपत पटली ते माहीत नाही; त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला एवढं नंतर कळलं. यंत्र पंधरा दिवसांत हलणार हे मात्र तिथंच, त्या गच्चीवर, दोघांना कळलं होतं.

ते खाली उतरले. मोहाखाली फुलांचा सडा होता. एक एक फूल टप्... टप्... पडत होतं, जणू झाड हळू आवाजात काही मोजत होतं. बायनाबाई टोपली घेऊन, न सांगता, दूरच्या झाडाकडे निघून गेली. ऊन पानांतून चाळून खाली येत होतं. त्या उजेडात अश्वजितच्या नव्या शर्टावर बसलेली धूळसुद्धा सुंदर दिसत होती, यावरून रश्मीची अवस्था ध्यानात यावी.

तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला. आकड्याशिवाय घेतलेला बहुतेक पहिलाच.

"गडचांदूर चंद्रपूरपासून तासाभरावर आहे," ती म्हणाली. "तिथं रोजच धूळ असते. कोणत्याच आकड्यासाठी फोन करावा लागणार नाही मले. म्हणून... आकडा नसतानाच फोन करीन म्हणते. रोज. आणि रविवारी येईन. तुम्ही आईले सांगा, मी पण घरी सांगते. मले तुम्ही आवडता. जानेवारीपासून. झालं, सांगितलं."

त्याच्या डोळ्यांत सगळं जंगल उतरून आलं होतं. एक फूल तिच्या खांद्यावर पडलं, दुसरं केसांत अडकलं. वारा थांबला. त्यानं हात पुढे केला, आणि तिनं तो धरला.

"मॅडम..."

"मॅडम नको म्हणू आता."

"रश्मी," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदाच येत होतं. "जरा इकडं सरक. मुंग्याईच्या बिळावर उभी हायेस तू."