पुसायचा राहिलेला चेहरा

"खिशात धातूचं काही आहे का?" तिने विचारलं, आणि पुढची पाच मिनिटं तो नुसते खिसे रिकामे करत बसला.

किल्ल्या, पंधरा मीटरची टेप, चार खिळे, एक खडू… आणि शेवटी दोरीला बांधलेला पितळी ओळंबा.

"एवढं सगळं घेऊन फिरता?"

"मोजणीदार आहे मी. लोकांच्या जमिनी मोजतो. आणि तुम्ही?"

"मीही मोजतेच. डोक्याच्या आतलं."

खरं तर एमआरआय स्कॅनरच्या दारात उभं राहणं हे तिचं कामच नव्हतं. फॉर्म भरून घेणारी मुलगी आजारी पडली म्हणून आज तिला मागच्या खोलीतून पुढे पाठवलं होतं. एरवी ती या संशोधन संस्थेत दिवसभर पडद्यासमोर बसून मेंदूच्या सालीची, म्हणजे वरच्या पातळ थराची, जाडी मोजायची. संगणक सालीच्या आतल्या कडेने एक रेघ काढतो, बाहेरच्या कडेने दुसरी. दोन रेघांमधलं अंतर ही जाडी, साधारण अडीच मिलिमीटर; विसरण्याचा आजार जडला की ती कमी होत जाते. संगणकाची रेघ भरकटली की ती हाताने जागेवर आणायची. केसभर इकडेतिकडे झालेलं तिला खपायचं नाही, म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणायचे.

फॉर्म भरताना मोजणीदाराचा गुडघा सारखा हलत होता. टेबल हलत होतं, पेन हलत होतं.

"आत गेल्यावर असं हलायचं नाही हं."

"आत नाही हलणार. आत बघायला कोण आहे?"

"इथे तरी कोण बघतंय?"

"तुम्ही… म्हणून तर हलतोय."

तिने घाईघाईने मान खाली घातली आणि त्याची जन्मतारीख उगाचच दोनदा वाचली. स्कॅन होईपर्यंत ती काचेपलीकडच्या खोलीत, टेक्निशियनकाकांच्या मागे उभी राहिली. कशासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खडू घ्यायला आला.

"एवढासा खडू विसरला म्हणून दोन बस बदलून आलात?"

"विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवला होता." मग तो हसायचा थांबला. "आमच्या घरात विसरण्याची चेष्टा करत नाहीत."

कँटीनच्या कोपऱ्यात चहा घेता घेता त्याने सांगितलं. वडीलही मोजणीदारच. अख्ख्या गावाच्या हद्दी तोंडपाठ असलेला माणूस, आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वतःचं घर सापडेना म्हणून शेजारच्या दारात उभा राहिला. आता ते मुलाला 'साहेब' म्हणून हाक मारतात. आपलंही तसंच होणार का, या धास्तीनेच त्याने या अभ्यासाला नाव दिलं होतं.

"आकडा आला की मला सांगाल?"

"नाही सांगता येत. नियम आहे. आणि एका माणसाच्या एका आकड्यावरून काही ठरतही नाही हो."

"मला ठरवायचंय. तो कळेपर्यंत कुणाला आपल्यात अडकवायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलंय." हे त्याने कपाकडे बघत सांगितलं. मग कपावरून नजर उचलली आणि तिच्याकडे बघितलं… चहा गार होईपर्यंत.

त्यानंतर तिला चैन पडेना. त्याचा स्कॅन तिच्याकडेच मोजायला आला होता. फाइलवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण स्कॅनमध्ये चेहराही उमटतो. मोजायच्या आधी तो पुसून टाकायचा, म्हणजे कुणाचं डोकं ते कळू नये, असा तिथला शिरस्ता. पुसायचं काम तिचंच. आजवर तिने शेकडो चेहरे पुसले होते, फळा पुसावा तितक्या सहज. या वेळी मात्र ती ते बाकदार नाक, ती पुढे आलेली हनुवटी नुसती बघत बसली. उद्या पुसू, असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने डोळे मिटून बटण दाबलं.

आकडा आला, दोन पूर्णांक एक दशांश. त्याच्या वयाला फारच कमी.

रेघा तपासल्या, पुन्हा तपासल्या, दोन्ही जागच्या जागी होत्या. टेक्निशियनकाकांना विचारलं, माणूस आत हलला होता का? थोडंसं हललं तरी साल असते त्याहून पातळ दिसते. काका म्हणाले, "छे गं, ओंडक्यासारखा पडला होता."

घरी ताईने तिच्या ताटात तशीच राहिलेली पोळी परत डब्यात ठेवली. "कोण आहे तो?" "कुणी नाही गं." "मग कुणी नसलेल्या माणसासाठी उपाशी कशाला राहतेस?" ती उठून गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा गच्चीवर गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं झालं होतं. हाच उद्या आपल्याला 'मॅडम' म्हणून हाक मारतोय, इथपर्यंत तिची मजल गेली.

आणि मग फूटपट्टीने जे केलं, ते तिचं तिलाही खरं वाटलं नाही. बाहेरची रेघ तिने थोडी बाहेर सरकवली. मग आणखी थोडी. दोन पूर्णांक तीन… दोन पूर्णांक पाच. किती सोपं होतं. ती दहा मिनिटं त्या खोट्या आकड्याकडे बघून सुखात होती. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की सगळं पूर्ववत करून ती तडक विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेली.

"हा स्कॅन माझ्याकडून काढून घ्या, मॅडम. कुणाचा आहे ते मला माहीत आहे. आणि… माझा हात स्थिर नाही."

मॅडमनी चष्म्यावरून तिला नीट पाहून घेतलं. सगळं समजलं असणार. बोलल्या मात्र एवढंच, की चित्रही जरा शंकास्पद वाटतंय, त्याला परत बोलावू. मोजेल दुसरं कुणीतरी. आणि तू त्या दिवशी स्कॅनरच्या बाजूला फिरकायचं नाहीस.

ती फिरकली नाही. पण इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहायला कुणी बंदी केली नव्हती. तासाभराने तो बाहेर आला, खिशात एकेक वस्तू परत भरत.

"आकडा सोमवारी येणार," ती म्हणाली. "तुम्हाला सांगणार नाहीत, मलाही नाही. पण तुम्ही तो काढून घ्याल कुठून तरी. म्हणून… जे विचारायचंय ते आज विचारा."

"आणि आकडा वाईट निघाला तर?"

"निघू दे. नंतर विचारलंत तर मला जन्मभर वाटत राहील, की मला विचारलं की त्या आकड्याला." ती एक पायरी खाली उतरली. "मला अडकवायचं की नाही, हे तुम्ही एकट्याने कसं ठरवता हो?"

किल्ल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्या, परत आल्या.

"मी तुझं नाव विसरलो तर?"

"मी सांगेन. रोज सांगेन."

"मग… लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

दोघंही पायरीवर बसले. मग तो हळूच म्हणाला, "आज मात्र आत फार कंटाळा आला. समोरच्या आरशात सारखे ते काकाच दिसत होते."

"कुठल्या आरशात?"

"डोळ्यांवर लावतात ना, त्यात काचेपलीकडची खोली दिसते. मागच्या वेळी त्यांच्यामागे तू होतीस. पण नुसता खांदा दिसायचा… म्हणून मी अधूनमधून मान जराशी वर करायचो. काकांना कळलं नाही, एवढीशीच."

"किती?"

"असेल दोनेक मिलिमीटर. का गं?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती ते त्याला कळेना, आणि कारण सांगायची तिला परवानगी नव्हती. तिने त्याच्या दंडावर एक जोरात गुद्दा मारला, मग तिथेच डोकं टेकलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.